पळसपानावरचा माणूस

बल्लारपूर
२८ मार्च २०२४

ती. आईंना,

भाग्यश्रीचा नमस्कार. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही, आणि सुरेंद्रभाऊजींना मध्ये बसवून सासू-सुनेनं बोलायचं म्हणजे निम्म्या गोष्टी पोटातच राहतात. म्हणून आता पत्रच लिहायचं ठरवलं. खुशालभाऊ आष्टीच्या गाडीवर कंडक्टर आहेत तोवर पोस्टाचीही गरज नाही. ते फाट्यावरच्या पानठेल्यावर ठेवतील, तिथून गावातलं कोणीही आणून देईल.

आम्ही मायलेकी बऱ्या आहोत. दादाच्या घरी राहते, पण दादाच्या जिवावर बसून खात नाही. शेजारच्या डिंपलकडे विजेवरची भट्टी आहे. तिच्याबरोबर मी बिस्किटं करते. लोणी आणि पिठीसाखर फेसून त्यात मैदा मळायचा, जाडसर पोळी लाटायची, पत्र्याच्या साच्यानं चांदण्या, फुलं, पानं कापायची आणि भाजायची. गार झाली की वरून साखरेचा रंगीत लेप. डिंपल त्याला आयसिंग म्हणते. वाढदिवसाला, बारशाला लोक हौसेनं नेतात. मागच्या महिन्यात बाटलीतल्या लाल रंगानं चंचलच्या अंगावर गांधी उठल्या, तेव्हापासून मी बाटल्या फेकून दिल्या. बीट आणि हळद इथं मिळते, पण केशरी रंग कशाचा करू? आपल्या बांधावरचा पळस आता फुलला असेल. थोडी फुलं पाठवाल का?

समाजाचे पंच डोमाजी पुन्हा घरी आले होते, असं भाऊजी म्हणाले. पुतळ्याचा विषय काढायलाच आले असणार. कणकेचा माणूस करून पळसाच्या पानांवर निजवायचा आणि नदीकाठी त्याला अग्नी द्यायचा. पुरात गेलेल्याचा देह मिळाला नाही की आपल्यात हेच करतात, मला माहीत आहे. पण आई, त्या पुरानंतर डोंगा सापडला, जाळं सापडलं, चंचलचे बाबा सापडले नाहीत. सापडले नाहीत याचा अर्थ गेले असा मी लावत नाही. तेलंगणात मिरची तोडायला गेलेल्या बायकांनी त्यांच्यासारखाच माणूस पाहिला, असं तुम्हीच दिवाळीत सांगितलं होतं. भाऊजी तिकडे जाऊन आले का?

चंचल तुमची आठवण काढते. तुम्हाला ऐकू येत नाही म्हणून ती कागदावर मोठ्या अक्षरात 'आजी' लिहून ठेवते.

आपली
भाग्यश्री


९ एप्रिल २०२४

सौ. भाग्यश्रीस अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. पानठेल्यावरून येईपर्यंत तीन जणांनी हाताळलं होतं, पण वाचलं मीच. अंगणवाडीत मदतनीस होते तेव्हा लिहायची सवय लागली ती आता सुनेच्या कामी आली, चांगलं झालं. ऐकू येत नाही त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. कामाचं तेवढं समोरच्याच्या ओठांवरून कळतं, उरलेलं सुरेंद्र खुणेनं सांगतो. भावकीतले लोक दारात येऊन काय बडबडतात ते कळत नाही, एवढा फायदा आहे.

पळस पाठवते आहे, सावलीत वाळवलेला. नुसत्या पाकळ्या घे. बुडखा काळा असतो, तो उकळलास तर रंग मळकट होईल. पाणी कमी ठेव. तू मुळातच भाजीत पाणी जास्त घालणारी, म्हणून सांगते. भूपेश तुझ्या वरणात मासा सोडू का म्हणून विचारायचा, ते विसरली नसशीलच.

डोमाजी आले होते. त्यांचं चुकतं असं मी म्हणत नाही, ते गावाचं बघतात. सुरेंद्रला चामोर्शीकडची मुलगी पसंत आहे, चांगली पोरगी आहे, पण तिच्या घरचे म्हणतात की ज्या घरात एक माणूस ना जिता ना मेला, तिथं आम्ही हळद कशी लावायची. डोमाजी म्हणाले, पुतळा करून टाका म्हणजे सगळंच मोकळं होईल. मी त्यांना सर्वांसमोर सांगितलं, "माही सून हाव म्हणंल तवाच. मी म्हणीन तवा नाई, अन् तुमी म्हणान तवा तं नाईच नाई." माझा लेक आहे, पण तुझा नवरा आहे. तू होकार देशील तोवर या घरात कणकेचा माणूस होणार नाही. हा माझा शब्द आहे, तू निश्चिंत राहा.

तेलंगणाचं विचारलंस. सुरेंद्रला अजून जायला जमलं नाही. बघू.

चंचलीचा गालगुच्चा घे.

तुझी
आई


बल्लारपूर
१४ जुलै २०२४

ती. आईंना,

मध्ये इतके दिवस गेले त्याबद्दल रागावू नका. शाळा सुरू झाली, चंचल दुसरीत गेली, आणि शाळेच्या पहिल्या आठवड्यात बिस्किटांच्या इतक्या ऑर्डरी आल्या की मला लाटणं खाली ठेवायला फुरसत नव्हती.

पळसाचं तुम्ही सांगितल्याप्रमाणेच केलं. पाणी आटवत आटवत चमचाभर उरवलं. लेपात पाणी जास्त झालं की तो बिस्किटावरून ओघळून जातो. चमचाभर पाण्यातून जो केशरी उतरला, तो पाहून डिंपल म्हणाली, "आता तं बाटलीचा रंग फुकट भेटला तरी मी नाई घेत." बिटाचा गुलाबी करतो, पालकाचा हिरवा. आता निळ्यासाठी अडलं आहे. आपल्या कुंपणावर गोकर्ण आहे ना, त्याची फुलं पाठवाल का? आणखी एक केलं आहे आम्ही. पुठ्ठ्याच्या डब्याचा तळ लोण्यानं ओला होतो, म्हणून आता डब्यात पळसाची पानं अंथरून त्यावर बिस्किटं ठेवतो. लोकांना ते फार आवडतं.

या डब्यात तुमच्यासाठी मासे पाठवते आहे. डिंपलनं साचा नागपूरहून मागवला. ढिवराच्या सुनेनं माशाचं बिस्किट करायचं नाही तर कोणी करायचं?

सुरेंद्रभाऊजींचं माझ्यामुळे अडलं आहे हे मला कळतं, आई. मला रोज कळतं. ते मला वहिनी म्हणून कधी काही बोलले नाहीत, म्हणून जास्तच कळतं. पण चंचलला शाळेत कोणी बाबांचं विचारलं की ती 'आहेत' म्हणते, 'कामाला गेले' म्हणते. ते तिनं माझ्याकडून उचललं आहे. मी हो म्हटलं की मला तिचं ते 'आहेत' काढून घ्यावं लागेल. माझ्याकडून होत नाही. तुम्ही मला कधी विचारत नाही म्हणून मी तुमच्या पाया पडते.

तेलंगणाचं कळलं तर लिहा.

आपली
भाग्यश्री


५ ऑगस्ट २०२४

सौ. भाग्यश्रीस आशीर्वाद.

मासे मिळाले. चव चांगली आहे, तोंडात टाकला की विरघळतो. पण हा मासा कुठल्या नदीतला ते सांग. रोहू म्हणावा तर तोंड एवढं टोकदार नसतं, मरळ म्हणावी तर अंग एवढं गोल नसतं. सुरेंद्र म्हणाला की हा दुकानातला मासा आहे, तो साच्यातच पोहतो. हसलो आम्ही. या घरात हसल्याला बरेच दिवस झाले होते. शेजारच्या सुगंधाबाईला एक दिला, तिनं तो देवापुढं ठेवला, खाल्लाच नाही.

गोकर्ण पाठवते आहे. गरम पाण्यात टाकली की निळं पाणी होतं. त्यात लिंबू पिळू नको, जांभळं होईल.

तेलंगणाचं बघू, सुरेंद्रला अजून सवड झाली नाही. आता जड बोलते. मुलीच्या घरचे पुन्हा येऊन गेले. दिवाळीनंतर थांबणार नाहीत म्हणाले. सुरेंद्र त्यांना म्हणाला, "नोका थांबू. माहा भाऊ आहे का नाई ते माही वहिनी सांगंल, तुमी नोका सांगू." मग जाळं घेऊन निघून गेला आणि दिवसभर आला नाही. मी तुला घाई करत नाही. पण तुझ्या मनात कधी आलंच, तर ते शब्दांत लिहायचं ओझं घेऊ नकोस. बाईला असलं लिहिता येत नाही, मला ठाऊक आहे. तुझे सासरे गेले तेव्हा माझ्या भावाला कळवायचं होतं, तर मी नुसतं कोरं कार्ड पाठवलं होतं आणि तो निघून आला होता. मला फक्त ते तुझ्याकडून यायला हवं. कसंही येऊ दे. मी समजून घेईन.

तुझी
आई


बल्लारपूर
२६ सप्टेंबर २०२४

ती. आईंना,

माझा वेंधळेपणा बघा. परवा डबा खुशालभाऊंच्या हातात दिला आणि पत्र घरी चुलीजवळच राहिलं. धावत स्टँडवर गेले तर गाडी निघून गेली होती. आता ते सुट्टीवर गेले म्हणतात, म्हणून हे पोस्टानं टाकते. डबा मिळाला असेलच, आणि त्यात एक माणूस पाहून तुम्ही बुचकळ्यात पडला असाल, म्हणून घाईनं लिहिते.

इथल्या एकाला मुलाच्या वाढदिवसाला माणसांची बिस्किटं हवी होती, कोणी पोलीस, कोणी डॉक्टर, कोणी शेतकरी. त्यासाठी डिंपलनं माणसाचा साचा घेतला. चंचल माझ्याजवळ बसली होती. उरलेल्या पोळीतून तिनं एक माणूस स्वतः कापला. भाजून झाल्यावर तुमच्या गोकर्णीच्या निळ्या लेपाचा शर्ट त्याला घातला. ब्रश सरळ धरता येत नाही, तरी बाही कोपरापर्यंतच आली पाहिजे म्हणून दोनदा पुसून पुन्हा केली. मी विचारलं, बाही अर्धी का? तर म्हणाली, बाबा वर दुमडतात. तिला ते फोटोवरून आठवतं की खरंच आठवतं, मला कळत नाही. ती तेव्हा पाच वर्षांची होती.

मग तो माणूस तिनंच पानावर निजवला आणि डब्यात ठेवला. आणि तुम्हाला तिची ताकीद आहे की आजीनं तो खायचा नाही. बाबा आले की त्यांना द्यायचा, तोवर आजीनं सांभाळायचा. बाबा आधी गावालाच येतील, इथं दादाचं घर त्यांना लवकर सापडणार नाही, असं तिचं म्हणणं आहे. तेव्हा मुंग्या लागू देऊ नका. बाकीची फुलं खा, सुगंधाबाईंना द्या.

माझं बरं आहे. दिवाळीत दोन दिवस तरी यायचा विचार आहे.

आपली
भाग्यश्री


३ ऑक्टोबर २०२४

भाग्यश्रीस,

डबा मंगळवारी मिळाला. आधी पत्र शोधलं. वरची फुलं काढली, पानं उचलली, डबा उलटा करून पाहिला. पत्र नव्हतं. आणि मधोमध पळसाच्या पानावर तो निजलेला होता, निळ्या शर्टात, बाह्या दुमडून. पक्ष चालू, अमावास्या तोंडावर, आणि तू पत्राशिवाय हे पाठवलंस. पत्र का नाही ते मग मला कळलं. पोरी, तुला हातानं लिहिता आलं नाही, म्हणून तू हातानं केलास.

सुरेंद्रला दाखवला. तो वहिनीला फोन लावून विचारतो म्हणाला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "तिनं हातानं सांगतलं, आता तिच्या तोंडातून काढाले लावू नोको." त्यानं फोन ठेवला.

अमावास्येला सकाळी नदीवर गेलो. डोमाजींनी माणूस पाहिला आणि म्हणाले, "हे तं बिस्कूट हाय चंदाबाई. पुतळ्याले कच्ची कणीक लागते." मी म्हटलं, "त्याच्या बायकोच्या हातचं हाय. मी दुसरी कणीक मळत नाई." जिथं डोंगा अडकलेला सापडला होता तिथंच पानं अंथरली. सुरेंद्रनं अग्नी दिला. धाकट्यानं मोठ्याला द्यावा लागला, काडी मी पेटवून दिली.

लिहायचं नव्हतं पण लिहिते, कारण दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. साखर आणि लोणी जळायला लागलं तसा सगळ्या काठावर गोड वास सुटला. दिवाळीच्या फराळाचा येतो तसा. पलीकडे म्हशी धूत होती ती पोरं वास घेत जवळ आली, काय शिजतं आहे ते बघायला. डोमाजींनी त्यांना हाकललं. निळा शर्ट सगळ्यात शेवटी काळा झाला. मला ऐकू येत नाही, पण मी तेव्हा ओरडले असेन, कारण सुरेंद्रनं मला धरलं.

आता तू स्वतःच ठरवलंस, तर तुझ्यापासून एक लपवलं आहे ते सांगते. सुरेंद्र पौष महिन्यातच तेलंगणात जाऊन आला होता. मिरचीच्या शेतावर तो माणूस भेटला. चाल खरंच भूपेशची होती म्हणतो, पाठमोरा पाहून सुरेंद्रनं हाक मारली. तो वळला. दुसराच होता, त्याला मराठीही येत नव्हतं. तू त्या आशेवर दिवस काढत होतीस, म्हणून मी सुरेंद्रला गप्प बसवलं आणि तुला 'बघू' लिहीत राहिले.

तुझ्या बांगड्यांचं मी काही सांगणार नाही. माझ्या दुसऱ्यांनी फोडल्या होत्या, मला कोणी विचारलं नव्हतं. तुझं तू बघ. दहाव्याला येऊ नकोस, पोरीची शाळा आहे. माझ्या घराचं दार तुला होतं तसंच आहे. तू सून म्हणून आलीस, आता लेक म्हणून ये.

आई


८ ऑक्टोबर २०२४

भाग्यश्री,

पोस्टमननं तुझं २६ तारखेचं पत्र आज दिलं.

मी ते चारदा वाचलं. मग सुरेंद्रला वाचायला दिलं, वाटलं मीच चुकीचं वाचते आहे. तो वाचून बाहेर ओट्यावर जाऊन बसला, तो अजून तिथंच आहे.

तू काही सांगितलं नव्हतंस. मी समजले. कसंही येऊ दे, मी समजून घेईन, असं मीच लिहिलं होतं, आणि जे नव्हतं ते समजून बसले. तुला दिलेला शब्द मी मोडला, आणि तो पाळते आहे असं समजून मोडला. डोमाजींकडे गेले. म्हटलं हे परत फिरवता येतं का. ते म्हणाले, अग्नी दिला तो दिला.

तू मला काहीही लिही. शिव्या लिही. पण लिही. खुशाल रोज फाट्यावर थांबतो, सुरेंद्र रोज जाऊन बघतो.

चंचलीला मी काय तोंड दाखवू?

आई


बल्लारपूर
२१ ऑक्टोबर २०२४

ती. आईंना,

तुमची दोन्ही पत्रं मिळाली. पहिलं आधी मिळालं. तुम्ही दरवेळी नावाच्या आधी 'सौ.' लिहिता, या वेळी नव्हतं. मजकूर वाचायच्या आधीच मला ते दिसलं.

मी तुमच्यावर फार रागावले होते. खोटं कशाला लिहू, अजून आहे. डिंपलला म्हटलं, त्यांना सुरेंद्रचं लग्न उरकायचं होतं म्हणून निमित्त शोधलं. दोन दिवस मी हेच म्हणत होते. तिसऱ्या दिवशी तुमचं दुसरं पत्र आलं. तरी मी म्हणतच होते, पण आता माझं मलाच पटेना. तुम्हाला तसं करायचं असतं तर तुम्ही कधीच केलं असतं. माझ्यासाठी दोन वर्षं तुम्ही गावाशी भांडलात, ते मला माहीत आहे.

पक्ष चालू आहे हे माझ्या डोक्यातच नव्हतं, आई. माझ्या लेखी त्यात आमचं कोणी नव्हतं. पळसाची पानं तर मी रोज शंभर डब्यांत अंथरते. लेकीनं माणूस पानावर निजवला तेव्हा मी समोर होते, आणि मला काहीसुद्धा दिसलं नाही. दिसायला हवं होतं. तुम्ही म्हणता तुम्ही चुकीचं समजलात. मग मला सांगा, दोन वर्षं मी काय समजत होते?

तेलंगणातल्या माणसाचं वाचलं त्या दिवशी मी रडले नाही. मला आधीच माहीत होतं असं वाटलं. तुम्ही 'बघू' लिहायचात तेव्हाच माहीत होतं, आणि म्हणूनच मी पुन्हा पुन्हा विचारत होते. तुम्ही नाही म्हणू नये म्हणून.

बांगड्या मी काढल्या. कोणी फोडल्या नाहीत. साबण लावून काढल्या आणि ठेवल्या. टिकली लावते, चंचल विचारेल म्हणून. भाऊजींचं लग्न थांबवू नका, मुलीकडच्यांना होकार कळवा. हळदीला मी येईन, मागं बसेन.

पण एक गोष्ट माझ्याकडून होत नाही. ती रोज विचारते, आजीनं माणूस सांभाळला का, मुंग्या तर नाही लागल्या. मी 'हो' म्हणते आणि भट्टीकडे वळते. काल सांगायला बसले. तिला मांडीवर घेतलं, तोंड उघडलं, आणि म्हटलं, अभ्यास झाला का? तिला आता सलग वाचता येतं. तुम्ही तिला लिहा. जे खरं आहे ते सगळं लिहा. मी पाकीट न उघडता तिच्या हातात देईन.

आपली
भाग्यश्री


२६ ऑक्टोबर २०२४

चि. चंचल हिस आजीचे आशीर्वाद.

हे पत्र तुझं आहे. वर तुझंच नाव आहे. हळूहळू वाच, मी मोठ्या अक्षरात लिहिलं आहे. एखादा शब्द अडला तर पुढं जा, मग परत ये.

तुझ्या बाबांचं सांगते. तुझा बाबा कामाला गेला नाही. दोन वर्षांपूर्वी श्रावणात नदीला पूर आला होता, तेव्हा तो जाळं काढायला गेला. जाळं वाहून गेलं असतं तर नवं घ्यायला पैसे नव्हते, म्हणून गेला. मी नको म्हटलं होतं, तुझ्या आईनंही नको म्हटलं होतं. तो म्हणाला, "आत्ता येतो." नदी फार मोठी होती आणि डोंगा लहान होता. तुझा बाबा नदीत बुडाला. तो मेला आहे, पोरी. मेला म्हणजे तो आता येणार नाही. इथं गावाला येणार नाही आणि तिकडे मामाच्या घरीही येणार नाही.

तू विचारशील की मग इतके दिवस सगळे 'बाबा येतील' असं का म्हणत होते. आम्हाला तो सापडला नव्हता, म्हणून. सापडला नाही की माणसाला वाटत राहतं. मलाही वाटत होतं. मी संध्याकाळी दोन भाकरी जास्त करायची. तुझ्या आईनं तुला फसवलं नाही. तिला जे खरं व्हावंसं वाटत होतं तेच ती तुला सांगत होती.

एक लक्षात ठेव. तुझा बाबा तुला सोडून गेला नाही. त्याला येता आलं असतं तर तो पोहत आला असता, चालत आला असता, त्याला कोणी अडवू शकलं नसतं. त्याला येताच आलं नाही.

तू केलेला माणूस मी खाल्ला नाही. मुंग्याही लागू दिल्या नाहीत. पण तो माझ्याजवळ आता नाही. माणूस मेला की त्याच्यासाठी नदीवर जाळ करतात, त्यात त्याला द्यायचं ते देतात. मी आणि काका गेलो होतो. तुझ्या माणसाचा शर्ट फार चांगला झाला होता, बाह्या अगदी तशाच होत्या. तुला न विचारता मी तो दिला. त्याबद्दल तू माझ्यावर रागाव, माझ्याशी बोलू नको, हवं तितके दिवस. तुला विचारायला हवं होतं. मी मोठी आहे तरी चुकले.

आता वाचून झालं. तुझी आई तिथंच जवळपास असेल. तुझ्याकडे पाठ करून काहीतरी करत असेल, लाटत असेल किंवा ओटा पुसत असेल, आणि तो ओटा आधीच स्वच्छ असेल. ती तुला काही विचारणार नाही. तू उठून जा आणि मागून तिला धर, आणि सांग की मी वाचलं. मग ती रडेल. घाबरू नको, पाणी आणायला पळू नको, धरूनच ठेव. तुझ्यासमोर रडायचं नाही म्हणून ती दोन वर्षं थांबली आहे.

तुझी
आजी